कडीभोवतीचं पिवळं

गणपती उठले की आमच्या अंगणातलं गवत एकदम माजतं. श्रावणात ते गुमान असतं, आणि भाद्रपदाचं ऊन-पाऊस सुरू झालं की पायऱ्यांपर्यंत चालून येतं. मग माझा हात आपोआप हळद्याच्या कानाकडं जातो. हळद्या म्हणजे आमचा कुत्रा. आता म्हातारा झालाय, ऐकायला जवळजवळ येत नाही, पण मी कान तपासायला बसले की अजूनही मान तिरकी करून डोळे मिटतो. कानाची आतली घडी, बोटांची बेचकी, शेपटीचं बूड अशी माझी वाट ठरलेली आहे. गोचीड सापडली तर चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरायची, सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. नखावर चिरडायची नाही. परवा एकच सापडली. एक सापडली की मला बरं वाटतं. एकही सापडली नाही की मी पुन्हा पहिल्यापासून बघते, कारण भाद्रपदात कुत्र्याच्या अंगावर एकही गोचीड नाही हे मला पटतच नाही.

हे करत बसले होते तेव्हाच सोलापूरहून मनूचा फोन आला. मनू माझी मुलगी. तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, आता दुसऱ्यालाही तिला इकडंच यायचंय. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, औषधं झाली, आणि फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "आई, कडी बघितलीस का गं?"

"रविवारी बघते," मी म्हणाले.

"मग रविवारी सांग," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, मायलेकी दाराच्या कडीबद्दल बोलतायत. ही कडी आमच्या माजघराच्या तुळईला आहे, पाळणा टांगायची. आणि ती बघणं म्हणजे काय, हे सांगायचं तर मला मनूच्या पहिल्या वेळच्या त्या पावसाळ्यात जावं लागेल. मला तिथं जायला आवडतं. तो पावसाळा चिंतेत गेला होता हे खरं, पण इतका मन लावून मी कुठलाच पावसाळा पाहिलेला नाही.

आमचं गाव अणदूरच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत. घर साधंच. पुढं ओसरी, मध्ये माजघर, मागं स्वयंपाकघर, बाजूला एका म्हशीपुरता गोठा. घरातल्या बाकीच्या खोल्यांवर स्लॅब पडला, माजघराचं छत तेवढं जुन्या लाकडाचं राहिलं. सासरे, म्हणजे आप्पा, ते मोडू देत नव्हते. माजघरातल्या कोनाड्यात देव्हारा होता आणि देव्हाऱ्यात खंडोबाचे टाक. आमच्याकडचा खंडोबा फिरता देव आहे. मूर्ती एकच, देवळं दोन. वर्षातला बराच काळ देव अणदुरात असतो, मग पालखीत बसून नळदुर्गला जातो आणि तिथला मुक्काम संपला की परत येतो. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार नवल वाटलं होतं. देव गेल्यावर मागं देवळात काय उरतं, असं मी आप्पांना विचारलं होतं. मला पहिल्यापासून चौकशा फार. मनूचे बाबा म्हणतात, "तू पोलिसात जायला हवी होतीस." आप्पा मात्र चिडले नव्हते. थोडा विचार करून म्हणाले होते, "वाट बघणं उरतंय."

खंडोबाच्या घरात कुत्र्याला मान असतो. बहुतेक घरांत तो चंपाषष्ठीपुरता. आप्पांनी तो दर रविवारी केला होता. हळद्याला त्यांनी अणदूरच्या यात्रेतून, धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणला होता. पिवळसर पिल्लू, म्हणून हळद्या. एरवी तो अंगणात असायचा, कडब्याच्या गंजीला टेकून. रविवारी आंघोळ करून, टाक धुऊन, आप्पा त्याला आत बोलवायचे. त्याच्याशी ते कानडीत बोलायचे, "बा, बा रे." मग हळद्या पाय पुसल्यासारखे करत माजघरात यायचा आणि देव्हाऱ्यासमोर बसायचा. आप्पा त्याच्या कपाळाला भंडारा लावायचे आणि दोन्ही कानांनाही लावायचे. कानांना का, असं मी अर्थातच विचारलं होतं. "देवाचं नाव कानानंच आत जातंय की," ते म्हणाले. मग त्याच्यापुढं तूप लावलेली भाकरी ठेवायची, आणि ती त्यानं देवाकडं तोंड करून खायची. हे सगळं इतकं नेमानं चालायचं की आमच्यापैकी कुणी त्याच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं.

त्या वर्षी मनूला सातवा लागला तेव्हा तिला दोन दिवस ओटी भरायला आणलं. बरोबर तिच्या सासूबाई. सोलापूरच्या, टापटिपीच्या बाई, बोलायला गोड. दुसऱ्या दिवशी दुपारी मनू माजघरात आडवी झाली होती आणि विहीणबाई शेजारी बसून तिच्या केसांना तेल लावत होत्या. एकाएकी त्यांचा हात थांबला. मनूच्या मानेवर, केसांच्या कडेला, तिळाएवढं काहीतरी चालत होतं. त्यांनी ते चिमटीत धरून माझ्यापुढं केलं. "हे काय आहे हो?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी म्हटलं, "अंगणातून आली असेल." तेवढ्यात दुसरी सापडली, उशीच्या शिवणीवर.

सोलापूरला गेल्यावर त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "राग मानू नका, पण बाळंतपण आम्ही इकडंच करतो. ओल्या बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला कसं ठेवायचं तिथं?" मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार! फोन ठेवला आणि चुलीपुढं बसून रडले. एकुलती एक मुलगी. पहिलं बाळंतपण. तिच्यासाठी मेथीचे, डिंकाचे लाडू, शेकशेगडी, सगळं मनात मांडून झालं होतं. आणि तिळाएवढ्या प्राण्यानं ते उधळून लावलं. मनूनं संध्याकाळी हळूच फोन केला. "आई, मला घरीच यायचंय गं. पण बाळाला काही झालं तर?" तिचं चूक नव्हतं. घर स्वच्छ झालं तर ती येणार, नाही तर नाही, इतकं साधं होतं ते.

घरात लगेच दोन तट पडले. मनूचे बाबा म्हणाले, "आप्पा, कुत्रं शेतावर ठेवू. घरात लेकरू येणार हाय."

"हळद्या जाणार न्हाय," आप्पा म्हणाले. "देवाचं कुत्रं हाय ते. त्याला हाकललं तर म्या बी जातो अणदूरला. बसतो देवळाच्या पायरीवर."

"कुत्रं मोठं का लेकरू मोठं?"

"दोघं बी त्याचीच," आप्पा देव्हाऱ्याकडं बोट करून म्हणाले, आणि जेवायचं ताट तसंच ठेवून उठले.

मी मधे. मला मनू घरी हवी होती आणि आप्पाही हवे होते. हळद्याचं म्हणाल तर त्याच्या वाटणीची भाकरी इतकी वर्षं मीच थापत होते.

शेवटी तडजोड निघाली. हळद्याला काही दिवस शेतातल्या आखाड्यावर ठेवायचं, म्हणजे गड्याच्या झोपडीपाशी. आप्पांना सांगितलं, औषधपाण्यापुरतं. आमचा हिशोब असा की घरात कुत्राच नाही म्हटल्यावर गोचिड्या उपाशी मरतील. आप्पा रोज भाकरी घेऊन शेतात जायचे आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायचे. आणि घरात काय झालं? उपाशी गोचिड्या बाहेर पडल्या. एरवी दिसायच्या नाहीत त्या भिंतीवर दिसायला लागल्या, चादरीवर, म्हशीच्या दावणीवर, एक तर माझ्या पोथीच्या पुठ्ठ्यावर. मला पहिल्यांदा किळस आली. मग नवल वाटलं. मी एकीला काडीच्या टोकावर घेऊन पाहिलं, तर ती टोकाशी जाऊन मागच्या पायांवर घट्ट बसली आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून थांबली. मी जवळ श्वास सोडला की ते पाय हलायचे. श्वासावरनं तिला कळत होतं की कुणीतरी आलंय. पावसात अडकलेला माणूस येणाऱ्या गाडीला हात करतो, तशी ती मला हात करत होती. मी तिला साबणाच्या पाण्यात टाकलं, पण त्याआधी जरा जास्तच वेळ बघितलं हेही खरं.

हळद्या आठवड्यात परत आला. आप्पाच घेऊन आले.

मग मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते, म्हशीची सोनोग्राफी करता करता माझ्याशी बोलत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कुत्र्यासाठी औषध लिहून दिलं आणि म्हणाले, "पण नुसता कुत्रा धुऊन काय होतंय? कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीच्या घरात असतात. पोट भरलं की मादी खाली पडते, कुठंतरी फटीत जाते, ढिगानं अंडी घालते आणि मरते."

"पोट भरल्यावर मरते?" मी विचारलं.

"मरते. पिल्लं पुन्हा कुत्रा शोधतात."

"फटीत म्हणजे कुठल्या?"

"ते तुम्हीच शोधायचं. कुत्र्याला औषध आणि फटीला औषध, दोन्ही एका दिवशी. आणि एक सांगून ठेवतो," ते हात धुता धुता म्हणाले, "संपणार नाहीत. कमी होतील."

हे वाक्य घेऊन मी घरी आले. आधी ते मला आवडलं नाही. विहीणबाईंना काय सांगू, कमी झाल्यात, या म्हणून?

मग शोध सुरू झाला आणि खरं सांगायचं तर मला त्यात रस यायला लागला. सगळ्यांची नजर आधी अंगणाकडं गेली. गवत कापलं. कुंपणाला लागून वर्षानुवर्षं रचलेले दगड हलवले. गोठ्याच्या भेगा बुजवून चुना मारला. सगळ्यात मोठं काम कडब्याच्या गंजीचं. ती घराच्या भिंतीला चिकटून रचलेली, म्हशीला टाकायला हाताशी असावी म्हणून, आणि हळद्या तिलाच टेकून झोपायचा. ती पेंढी-पेंढी उपसून गावाबाहेरच्या खळ्यावर नेली. जुन्या ज्वारीच्या कडब्याला एक गोडसर, कुबट वास असतो. तो वास दिवसभर घरात फिरत राहिला. गंजीखाली गोचिड्या सापडल्या, बऱ्याच. सापाची कात सापडली, एक पितळी चमचा आणि मनूची शाळेतली मोडकी कंपासपेटी. ती मी पुसून ठेवली.

शेजारच्या नूरजहाँखाला भिंतीवरून हे सगळं बघत होत्या. त्यांच्याकडं काळ्या शेळ्या आणि डझनभर कोंबड्या. मला हळद्याचे कान चाळताना बघून त्या म्हणाल्या, "काय गं शोभा, कानात सोनं सापडतंय काय?" मग माझं तोंड बघून हसायच्या थांबल्या. "माझ्या कोंबड्या सोड की तुझ्या अंगणात. गोचीड म्हंजे त्यांचा पेढा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खरंच कोंबड्या आमच्याकडं हाकलल्या. गंजी हलवलेल्या जागेवर त्यांनी असा काही धुमाकूळ घातला की बघत राहावं. हळद्या ओसरीवरून मान तिरकी करून बघायचा. त्याची रोजची जागा कोंबड्या उकरत होत्या.

अंगणातलं खरंच कमी झालं. घरातलं होईना. हेच कोडं होतं. हळद्या तर बाहेरच असायचा. मग आत कुठून? मी फरशीच्या सांधी टाचणीनं कोरल्या, कपाटं सरकवली, देव्हाऱ्याखालची फळी काढली. काही नाही. आणि तरी दोन-तीन दिवसांनी भिंतीवर एखादी दिसायचीच. मनूचे बाबा वैतागून म्हणाले, "सोलापूरलाच होऊ दे. आपल्या नशिबात न्हाय." ते ऐकून मी आणखी हट्टाला पेटले.

मग एक दिवस भिंतीवर मला पिवळी गोचीड दिसली.

भरलेली मादी राखाडी असते, एरंडाच्या बीएवढी. ही राखाडीच होती, पण पाठीवर पिवळं. मी आधी म्हटलं वेगळी जात असेल. चष्मा लावून बघितलं. ती भुकटी होती. काडीनं टोकरली तर काडीला लागली. हुंगलं तर हळदीचा वास. भंडारा. घरात भंडारा कुणाच्या अंगाला लागतो? माझ्या, आप्पांच्या, आणि हळद्याच्या कानाला. मी रविवारची वाट बघितली.

रविवारी आप्पांनी नेहमीसारखं सगळं केलं. मी दाराशी मुगाच्या शेंगा सोलत बसले. "बा, बा रे," आप्पा म्हणाले. हळद्या आत येऊन बसला. कपाळाला भंडारा, कानांना भंडारा. आणि आप्पांनी हात मागं घेतला, तसे हळद्यानं दोन्ही कान फाडफाड झाडले. भुकटीनं त्याला गुदगुल्या होत असणार. पिवळी धूळ उडाली, आणि त्या धुळीबरोबर फरशीवर टपकन काहीतरी पडलं. दर रविवारी तो असेच कान झाडायचा. मी हजार वेळा पाहिलं असेल. पण खाली काय पडतं, ते कधी पाहिलं नव्हतं.

ती पडली, जरा वेळ गप्प राहिली, मग चालायला लागली. मी शेंगांची पाटी घेऊन तिच्या मागं सरकले. मला वाटलं, ती फरशीच्या सांधीत जाईल. ती भिंतीला भिडली आणि वर चढायला लागली. पोट भरून इतकी जड झालेली, आणि वर! गिलाव्याच्या खरबरीत भिंतीवर ती एकेक पाय टाकत चालली होती. विजेच्या बटणांच्या पाटीपाशी विसावली. मनूच्या शाळेच्या फोटोच्या चौकटीला वळसा घातला. मी शेंगा सोलत होते, हातांना कळत होतं काय करायचं ते, नजर वर. दुपारी मनूचे बाबा जेवायला आले, त्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?"

"बघते."

"काय?"

"पाहुणी कुठं उतरते ते."

ते डोक्याला हात लावून जेवायला बसले. मला त्या वेळी त्या गोचिडीबद्दल जे वाटलं ते लिहायला थोडं अवघड जातंय. दया नव्हे. पण पोटात अंडी घेऊन ही एकटी इतकी उंच का चाललीय, आपल्या पिल्लांसाठी ती कसली जागा शोधतेय, असं माझ्या मनात येत राहिलं. माझ्याही मनात तेच चाललं होतं ना. मीही एका येणाऱ्या जिवासाठी जागाच शोधत होते.

उन्हं कलली तेव्हा ती तुळईवर पोचली. तुळईवरून चालत मधोमध आली आणि दिसेनाशी झाली. मी स्टूल आणलं, वर चढले, मोबाइलचा उजेड लावला.

तुळईच्या मधोमध पाळण्याची लोखंडी कडी आहे. मनूचे बाबा तिथं टांगलेल्या पाळण्यात वाढले, मनूही. वर्षानुवर्षं लाकूड वाळून आक्रसलं होतं आणि कडीच्या बुडाशी बोट जाईल एवढी फट पडली होती. त्या फटीच्या कडा पिवळ्या होत्या. सगळीकडनं, जाड, रविवारामागून रविवार साचलेलं पिवळं. आत मेलेल्या माद्यांची वाळकी कातडी होती, तपकिरी अंड्यांचे पुंजके होते, आणि त्यांच्यावर धुळीसारखं काहीतरी होतं. ती धूळ हलत होती.

त्या कडीला पाळणा टांगणार होते. बरोबर त्याखाली, उताणं, माझं नातवंड झोपणार होतं.

आता आप्पांना सांगायचं कसं? त्यांना वर चढवणं शक्य नव्हतं, म्हणून मी मोबाइलवर फोटो काढला. आप्पा ओसरीत बसले होते. मी फोटो पुढं धरला आणि बोटानं मोठा करून दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"हे पिवळं काय?"

मी फोटो आणखी मोठा केला.

"भंडार हाय व्हय?"

"व्हय आप्पा."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "म्हंजे म्याच आणल्या आत," ते म्हणाले. "दर ऐतवारी. देवाचं नाव घेऊन."

"तुम्ही कुठं, हळद्यानं कान झाडले," मी म्हणाले. ते हसले नाहीत. आप्पांना मी तेव्हा पहिल्यांदा म्हातारं झालेलं पाहिलं. मला त्यांच्या रागाची सवय होती, या गप्प बसण्याची नव्हती. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही. हळद्या जवळ गेला तर त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते तेव्हा त्यांनी हाक मारली. "शोभा, देव अणदुरातच बसून ऱ्हातो का बारा महिने?"

"न्हाय की. नळदुर्गला जातो."

"मुक्काम हलवतो का न्हाय?"

"हलवतो."

"मग आपला बी हलंल," आप्पा म्हणाले. "हळद्या आत यायचा न्हाय आता. देव भाईर येईल. ओसरीत. त्याला काय, त्याला सवय हाय जायची."

मी झाडू तसाच टाकला. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी मी ते आप्पांसमोर बोलू धजले नसते.

माजघरातून ओसरीत किती अंतर असेल? पण आप्पांनी ते असंच होऊ दिलं नाही. तळी उचलली. ताम्हनात टाक ठेवून मनूच्या बाबांच्या हाती दिलं. "येळकोट येळकोट" करत आम्ही तिघंजण आणि पुढं हळद्या, असा देव ओसरीत आला. नूरजहाँखाला भिंतीवर कोपर टेकून बघत होत्या. "ये अच्छा किया आप्पांनी," त्या मला म्हणाल्या, "देवाला जरा हवा तरी लागंल." तेव्हा आप्पा हसले, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

मग कडी. मनूच्या बाबांनी नाकातोंडाला रुमाल बांधून शिडीवर चढून ती फट तारेनं कोरून काढली, खाली ओलं फडकं अंथरून. ते फडकं जाळलं. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध फटीत मारलं, त्याच दिवशी हळद्यालाही दिलं. दोन-तीन दिवस माजघर बंद ठेवलं. मग फट बुजवायला मी चुना कालवत होते, तर आप्पा मूठ मिटून आले. मुठीत भंडारा. "ह्यात टाक," म्हणाले.

"आप्पा, चुन्यात हळद घातली की लाल होतं."

"होऊ दे. लेकराच्या डोक्यावर कुंकू काय वाईट असतंय का?"

मी टाकला. पांढऱ्या चुन्यात पिवळं पडलं, आणि ढवळता ढवळता माझ्या हाताखाली ते सगळं लाल झालं. माहीत असूनही मला दर वेळी त्याचं नवल वाटतं. मनूच्या बाबांनी फट भरली. शेवटचा गोळा आप्पांना स्वतः लावायचा होता. आम्ही दोघांनी शिडी धरली, आणि कमरेला आधार दिला. ते दोनच पायऱ्या चढले, हात वर ताणला आणि अंगठ्यानं तो गोळा दाबला.

त्यानंतर मी रोज बघत होते. भिंत, फरशी, उशा. आधी रोज एखादी, मग क्वचित, मग बरेच दिवस काहीच नाही. मी सोलापूरला फोन करून सगळं खरं खरं सांगितलं, पिवळ्या गोचिडीसकट. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी येऊन बघते."

त्या मनूला घेऊनच आल्या, पण गाडी दारात उभीच ठेवायला सांगितली. सगळं घर फिरल्या. चादरी उलटल्या, कोपऱ्यांत वाकून बघितलं. मी त्यांच्या मागं मागं, परीक्षेला बसल्यासारखी. माजघरात त्या वर बघून थांबल्या. "ते लाल काय आहे?"

आप्पा ओसरीतून म्हणाले, "कुंकू हाय ते. घराला लावलंय."

विहीणबाई थोडा वेळ तशाच वर बघत राहिल्या. मग गाडीकडं गेल्या, मनूची बॅग काढली आणि स्वतःच्या हातानं आणून माजघरात ठेवली. मनू माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की शेवटी मलाच तिला ओरडावं लागलं.

माझी नात ओवी त्या पाळण्यात वाढली. ती बसायला लागली तेव्हा हळद्या ओसरीतून उंबऱ्यापर्यंत यायचा, आणि तिथंच बसून आत बघायचा. उंबरा त्यानं कधी ओलांडला नाही. आप्पांनी त्याला काय सांगितलं होतं, कुणास ठाऊक.

मागच्या पावसाळ्यात आप्पा गेले. वर्ष झाल्यावर भावकीतले लोक म्हणायला लागले, आता देव आत घ्या, देव असा बाहेर बरा नाही. मनूचे बाबाही एकदा बोलले. मी नाही म्हणाले. देव मुक्कामाला गेलाय, इतकंच सांगितलं. परत कधी येणार ते आप्पांनी सांगून ठेवलेलं नाही. डॉक्टरांचं ते वाक्यही मला आता पटलंय. गोचिड्या संपल्या नाहीत. दर भाद्रपदात येतात, आणि दर भाद्रपदात मी बसते. आप्पांची उणीवही तशीच आहे. कमी होते, गवत वाढलं की पुन्हा वर येते.

आज रविवार. सकाळी मी टाक धुतले, हळद्याला ओसरीत बसवलं. त्याला हाक ऐकू येत नाही, म्हणून खांद्याला हात लावून "बा, बा रे" म्हणाले. कपाळाला भंडारा लावला, कानांनाही लावला. त्यानं कान झाडले, धूळ अंगणात उडाली. खालाची एक कोंबडी लगबगीनं तिथं आली, काहीतरी टिपलं आणि गेली.

मग मी आत गेले, स्टूल ओढलं, वर चढले आणि मोबाइलचा उजेड कडीवर टाकला. पिवळं कुठं दिसतं का ते चारी बाजूंनी बघितलं. काही नव्हतं. लाल आता विटकरी झालंय, पण घट्ट आहे, कुठं भेग नाही. मधोमध आप्पांच्या अंगठ्याचा खळगा आहे. मी त्यात माझा अंगठा ठेवून बघितला. माझ्या अंगठ्याला तो मोठा होतो.

स्टुलावरूनच मनूला फोन लावला.

"बघितली कडी," मी म्हणाले. "ये."